लंगडीचा घास

विश्रांतवाडीच्या चौकातून आळंदीच्या रस्त्याला लागलं की थोडं पुढं एक बोळ आत वळतो. शालूबाईचं कोंबड्यांचं दुकान त्या बोळात आहे. पाटी शोधत बसायचं नाही, मान वर करायची. आभाळात जिथं घारींचं रिंगण दिसेल, त्याच्या बरोबर खाली दुकान.

बोळातल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, "शाले, घरावर घार घिरट्या घालणं बरं न्हाई. कुणाचं तरी मागणं असतं."

शालू सुरी पुसत म्हणायची, "घिरट्या घालतीया तोवर घोर न्हाई, आत्याबाई. घालायची थांबली की मग रडा."

हे ती चेष्टेनं बोलायची. यंदाच्या माघापर्यंत तरी चेष्टेनंच.

शालू कातरवाडीची लेक. विश्रांतवाडीच्या वर, डोंगराच्या पोटाशी हे गाव. गाव शहरात गेलं असं लोक म्हणतात. खरं बघितलं तर शहर गावात आलं, आणि आलं ते जोडे न काढता. जिथं ज्वारी व्हायची तिथं आता बाराव्या मजल्यावर तुळशीच्या कुंड्या दिसतात. राहिली होती ती ओढ्याकाठची झाडांची ओळ. शिरीष, करंज, आणि शेवटाला एक म्हातारं नांद्रूक. त्या ओळीवर घारींची वस्ती. शालूच्या आज्याच्या आधीपासून.

लग्न होऊन ती जयसिंगच्या घरी विश्रांतवाडीत आली आणि दुकानात उभी राहिली. जयसिंग येरवाळी, उजाडायच्या आधी, टेम्पोतून कोंबड्यांचे पिंजरे आणतो, शालू कापते. पिंजरा उतरला की ती आधी एकेका कोंबडीच्या गळ्याखाली अंगठा दाबून बघते. तिथं एक थैली असते. गिळलेलं खाणं पोटात जायच्या आधी तिथं साठतं. वजन वाढावं म्हणून काही व्यापारी कोंबड्या निघायच्या आधी दाणापाणी कोंबून भरवतात. थैली टम्म लागली की शालू पिंजरा तसाच परत चढवायला लावते. "दाणं इकायला दुकान न्हाई घातलं आम्ही," म्हणते. तिच्या अंगठ्याला आजवर कुणी फसवलेलं नाही. धंद्यात तरी नाही.

घारींचा नाद तिला लागला तो लंगडीपासून. एका संक्रांतीनंतर बोळातल्या विजेच्या तारेवर एक घार मांज्यात अडकून उलटी लोंबत होती. खाली बघ्यांची गर्दी. कुणी फोन काढून शूटिंग घेत होतं. जयसिंग म्हणाला, "राहू दे, मरंल आपसूक. तारेला हात कोण लावणार?" शालूनं वीज मंडळाच्या माणसाला शिव्या घालून तार बंद करायला लावली आणि बांबूला आकडी बांधून घार खाली ओढली. पंजाचं एक बोट मांज्यानं हाडापर्यंत कापलेलं. घारीनं शालूच्या मनगटात नख्या रोवल्या. शालू तिला म्हणाली, "रोव, रोव. तुझं चुकत न्हाई." आणि तिला कोंबडीच्या पिंजऱ्यात घालून, बुरख्यासारखं पोतं टाकून, जखमी जनावरांच्या संस्थेत घेऊन गेली.

तिथं डॉक्टर कल्याणी होती. शहरात वाढलेली, चष्म्याआडून बघणारी, बोलायला तिखट. शालूच्या साडीवरचं रक्त बघून म्हणाली, "हे घारीचं की कोंबडीचं?"

"दोघींचं."

"म्हणजे कोंबड्या मारता आणि घारी वाचवता. हिशोब कसा लावता?"

"कोंबडी इकायला आणलीया, बाई. घार काय म्या इकायला आणली न्हाई."

कल्याणी हसली नाही, पण तिनं चष्मा काढून पुसला. तिथून दोघींचं जमलं. घारीचं ते बोट गेलं, म्हणून ती लंगडी. बरी झाल्यावर शालूनं तिला कातरवाडीच्या नांद्रुकाखाली सोडलं, कारण तिथं पाणी होतं, जातभाई होते, आणि शालूचं माहेर होतं. लंगडीनं तिथंच जोडा धरला, घरटं बांधलं.

पुढं संस्थेनं रीतसर परवानगी घेऊन दुकानालगतच्या शालूच्या घराच्या गच्चीवर खोली उभी केली. बांबूच्या तट्ट्या, वर जाळी. मांज्यानं कापलेल्या, उन्हानं पडलेल्या, आईबाप मेलेल्या घारी तिथं यायच्या. एकदा घुबड आलं, एकदा उदमांजराची आंधळी पिल्लं. पण शालूचा हात बसला तो घारीवर. गच्चीचा कायदा एकच. पिल्लाला माणसाचा आवाज ऐकू द्यायचा नाही, माणसाचं तोंड दिसू द्यायचं नाही. शालू डोक्यावरून पोतं घ्यायची, चिमट्यानं मांसाचा तुकडा पुढं करायची, आणि श्वाससुद्धा दबकून घ्यायची. जयसिंग म्हणायचा, "ही गच्चीवर जेवढी गप बसती तेवढी खाली बसली असती, तर मी शंभरी गाठली असती."

लळा लावायचा नाही, एवढंच शालूला कळत होतं. जे उडायचं त्याला भ्यायला शिकवायचं. वर्तमानपत्रात एकदा तिचा फोटो आला, 'घारींची माय' असं काहीतरी मथळ्यात होतं. तिनं तो कागद कोंबडीच्या पिसाखाली अंथरला. पण मनातून तिला बरं वाटलं होतं. लोक पूर्वी पडलेलं पिल्लू कुत्र्यापुढं टाकायचे. आता आणून देत होते.

त्यात रामदास होता.

रामदास तिच्या भावकीतला. चुलत चुलता म्हणायचा त्याचा पोरगा. दर भाऊबीजेला ती त्याला ओवाळायची. पूर्वी ट्रॅक्टर चालवायचा, अलीकडं जागा साफ करून द्यायची कामं घेत होता. झुडपं, बाभळी, रानटी घाणेरी काढायची, असं तो सांगायचा. पांढरा सदरा, कपाळाला गंध. कोंबडीच्या दुकानाबाहेर चपला काढून आत येणारा सगळ्या बोळात तो एकटा. "आक्का, तुझं दुकान म्हणजे मला देऊळच," असं म्हणायचा. अंगाला मात्र ओल्या लाकडाचा वास यायचा. नुकत्या फाडलेल्या लाकडाचा.

माघ लागला तसा तो पहिलं खोकं घेऊन आला. बुटाचं खोकं, झाकणाला नीट गोल भोकं पाडलेली, आत मऊ फडकं. फडक्यावर घारीचं पिल्लू, पांढऱ्या लवेतून पिसांच्या कांड्या नुकत्या फुटलेल्या.

"वाऱ्यानं पडलं, आक्का. तुझी आठवण झाली. म्हणलं, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं न्हाई."

शालूनं सवयीनं पिल्लाच्या गळ्याखाली अंगठा नेला. थैली भरलेली होती. तिला बरं वाटलं. उपाशी आलेलं पिल्लू बहुतेक जगत नाही. हे खाऊन आलेलं, जगेल. तिनं रामदासला चहा पाजला.

दुसरं खोकं आलं. मग तिसरं. एका खोक्यात दोन. सगळ्यांची थैली भरलेली. शालू म्हणायची, "तुझ्या हाताला गुण हाय, रामदास."

कल्याणी तपासायला आली तेव्हा एकेक पिल्लू उलटंपालटं करून बघत राहिली. जिन्यात उतरल्यावरच तिनं तोंड उघडलं. "शालूताई, यंदा पीक जोरात आहे. आणि ही पिल्लं पडताना पॅराशूट बांधून पडतात का? एकालाही साधा ओरखडा नाही."

"गवतावर पडली आसतील."

"कातरवाडीत अजून गवत उरलंय? नशीबवान गाव आहे."

"तुमी शहरातली माणसं," शालू म्हणाली, "कुणी चांगलं केलं की त्यात बी नख घालता."

 शालूनं सांगितलं तसं कल्याणीनं संस्थेत कळवलं, घरट्यातून पडलेली पिल्लं. शालूच्या शब्दावर ती कधी दुसऱ्यांदा विचारत नसे.

आता इथं घारीच्या खाण्याची एक रीत सांगायला पाहिजे. दुकानातलं कापणं आवरलं की शालू आतडी, कातडी, माना, असलं उरलंसुरलं दुकानाच्या पत्र्यावर उभी राहून वर उडवते. घारी खाली झेपावतात आणि पंजात झेलतात. पिल्लं नसलेली घार उडता उडताच पंजा चोचीला लावून घास खाते. तिथंच, डोक्यावर. पण पिल्लंवाली घार खात नाही. घास पंजात आवळून सरळ रेघेत निघून जाते. लंगडी माघ-फाल्गुनात कायम अशी जायची. डोंगराच्या अंगानं, कातरवाडीच्या दिशेला. शालू त्या दिशेला बघून म्हणायची, "गेली बाई माहेराला. माझ्याआधी."

यंदा त्या रिंगणात काहीतरी बिनसलं होतं. एकेक करून घारी डोक्यावरच खायला लागल्या होत्या. त्यांच्या चोचीतून सुटलेल्या कातडीचे तुकडे पत्र्यावर टपटप पडायचे. ऐन विणीच्या दिवसांत असा आवाज शालूनं ऐकला नव्हता. जयसिंग म्हणाला, "माजल्यात. पोरं टाकून हितंच जेवण उरकत्यात." शालू हसली नाही. पण पुढं विचारही केला नाही. लंगडी अजून घास नेत होती, तेवढं तिला पुरेसं होतं.

मग तो दिवस आला. एका गिऱ्हाइकाच्या घरी देवाचं होतं, त्याला काळाच गावरान कोंबडा पाहिजे होता. जयसिंगनं कुठून तरी पैदा केला. दुकानात एरवी पांढऱ्या ब्रॉयलर कोंबड्या, त्यांचा तुरा फिकट आणि एवढासा. हा कोंबडा काळाकुळकुळीत आणि तुरा रक्तासारखा गडद. शालूनं तो सकाळीच कापला. डोकं गिऱ्हाइकाला नको होतं. तिनं ते वर उडवलं. लंगडीनं झेललं आणि रेघ ओढल्यासारखी डोंगराकडं गेली.

दुपारच्या आधी रामदास आला. चपला बाहेर काढल्या, खोकं पुढं केलं.

"आक्का, हे शेवटचंच. आता त्रास न्हाई तुला."

"शेवटचं म्हंजी?"

"म्हंजी वारं पडलं आता," तो म्हणाला आणि हसला. चहाला थांबला नाही.

पिल्लाच्या गळ्याखाली अंगठा लावला तर थैली टम्म. शालूनं त्याला गच्चीवर नेऊन ठेवलं आणि खाली आली. दुपारचं ऊन कलल्यावर ती पुन्हा पत्र्यावर चढली. घास उडवला. लंगडी आली. तुटक्या बोटाच्या पंजात तिनं घास झेलला, आणि ती गेलीच नाही. दुकानावर एक फेरा घातला, दुसरा घातला. मग पंजा चोचीला लावला. मधेच एक बारीक शीळ घातली, आजारी माणूस कण्हतो तशी. आणि खायला लागली.

शालूच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. पत्र्यावर तिच्या पायाशी एक तुकडा पडला.

ती गच्चीवर गेली. त्या दिवशी ती पोतं घ्यायला विसरली. नवीन पिल्लानं घाबरून मान ताणली, दोनदा उबळ काढली आणि गळ्यातलं सगळं फडक्यावर ओकलं. घारीची पिल्लं भ्याली की असं करतात. शालूनं चिमट्यानं ते पसरून बघितलं. गडद लाल तुऱ्याचा तुकडा. त्याला चिकटलेली दोन काळी पिसं.

सकाळी तिनं स्वतःच्या हातानं उडवलेला घास होता तो. लंगडीनं कातरवाडीला नेला, फाडून पिल्लाला भरवला, आणि चोच पुसते न पुसते तोवर कुणीतरी दोर लावून वर चढलं होतं.

म्हणजे पडलेलं पिल्लू नव्हतंच एकही. आईबाप मेलेले नव्हते. ज्या थैल्यांवर अंगठा ठेवून तिला बरं वाटत होतं, त्या सगळ्या नुकत्याच आयांनी भरलेल्या होत्या. कोंबडीची भरलेली थैली लागली की जी बाई पिंजरा परत धाडायची, तिनं घारीची भरलेली थैली आठवडेच्या आठवडे पदरात घेतली होती.

तिनं कल्याणीला फोन लावला. काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं आणि म्हणाली, "वनखात्याचा माणूस घिऊन कातरवाडीला या. म्या पुढं होते."

"शालूताई, थांबा, एकट्या जाऊ नका," कल्याणी म्हणत होती. शालूनं फोन बंद करून खोकं काखेला मारलं. जयसिंगनं टेम्पो काढला. वाटेत तो एवढंच म्हणाला, "रामदास हाय तो. भावकी हाय." 

कातरवाडीच्या ओढ्याशी टेम्पो थांबला आणि शालूला वाट चुकल्यासारखं झालं. ओळ नव्हती. शिरीष नव्हते, करंज नव्हते. जमिनीलगत पिवळे, ओले बुंधे होते आणि त्यांच्यावर भुसा. भुशाला तोच वास, रामदासच्या सदऱ्याचा. आभाळात घारी होत्या, पण रिंगण नव्हतं. जिकडंतिकडं वाकड्या फिरत होत्या, उतरायला जागा न मिळाल्यासारख्या. आवाज कुणाचाच नव्हता. एवढ्या घारी आणि एवढी शांतता शालूनं कधी बघितली नव्हती.

शेवटाला नांद्रूक तेवढं उभं होतं. बुंध्यावर पिवळ्या रंगाची फुली. वर, दोन फांद्यांच्या बेचक्यात लंगडीचं घरटं. खाली दोर गुंडाळत एक चढणारा गडी आणि त्याच्या शेजारी खुर्ची टाकून रामदास.

"आक्का! आलीस? अगं, फोन करायचा. चहा सांगितला असता."

"पिल्लू वर ठिव."

"कुठलं पिल्लू?"

"रामदास, माझ्यासंगं येड्याचं सोंग करू नगंस. ह्याच्या आईला म्या बोटात धरून खायला घातलंया. वर ठिव."

रामदास उठला. त्याच्या तोंडावरचं हसू तसंच होतं, तेच जास्त वाईट होतं. "बस इथं. तुला समजावून सांगतो. झाडावर पिल्लं असली की त्याला हात लावता येत न्हाई, उडेस्तोवर थांबावं लागतं. तोडायची परवानगी द्यायच्या आधी तपासायला साहेब येतो, वर बघतो. घरटं रिकामं दिसलं की झालं, सही करतो. त्याचा बी दोष न्हाई, त्याला काय म्हाईत. आधी आमचे गडी पिल्लं खाली आपटायचे. डोळ्यांदेखत, आक्का. मला बघवायचं न्हाई. मग पेपरात तुझा फोटो आला. म्हणलं, ही तर आपली बहीण! तवापासून एक बी पिल्लू मेलं न्हाई. सांग, मेलं का?"

शालूनं काखेतलं खोकं दोन्ही हातांत घेतलं. उत्तर त्याच्या बाजूचं होतं.

"तुझ्या जिवावर चाललंय सगळं," तो मायेनं म्हणाला. "तू हाईस म्हणून माझ्या हाताला पाप न्हाई."

"म्या इथून पुढं एक बी घेनार न्हाई."

"नगं घिऊस. मग गडी हाइतच." त्यानं चढणाऱ्याकडं बघितलं. चढणारा दोराकडं बघत राहिला. "आन बोभाटा करायचा तर कर. पिल्लं कुठं हाइत? तुझ्या गच्चीवर. पडलेली हाइत असं कुणी सांगितलं? तू. मी तर साधा माणूस, सापडलं ते आणून दिलं."

डोक्यावर लंगडी आली होती. ती खोक्याच्या बरोबर वर फिरायला लागली. जयसिंग हळूच म्हणाला, "शालू, टेम्पोत बस." शालू बसली, पण नांद्रुकाच्या मुळाशी. खोकं मांडीवर घेऊन, पाठ फुलीला लावून. रामदासनं गड्यांना चहा सांगितला. एक तिच्यासाठीही आला. तिनं तो मातीत ओतला.

ऊन डोंगराआड जायच्या आत कल्याणी वनरक्षकाला घेऊन पोचली. गाडीतून उतरून तिनं बुंधे बघितले, भुसा बघितला. मग रामदासला म्हणाली, "वारं फारच जोरात आलेलं दिसतंय इकडं. झाडंसुद्धा करवतीनं कापून गेलं."

रामदासनं हात जोडले. "मॅडम, आम्ही तर पक्षी वाचवतो. आक्काला इचारा."

वनरक्षक तरुण होता, कमी बोलणारा. त्यानं घरट्याचा, पिल्लाचा, फुलीचा फोटो काढला. पाडलेल्या झाडांची परवानगी रीतसर होती, घरटी रिकामी होती, आता सिद्ध काय करणार, हे त्याच्या तोंडावरच लिहिलेलं होतं. पण जे समोर होतं त्याबद्दल तो ठाम बोलला. पिल्लू वर जाईल आणि ते उडेपर्यंत या झाडाला कुणी हात लावायचा नाही. रामदास लगेच म्हणाला, "शंभर टक्के साहेब." आणि त्याच्याच गड्यानं, जो सकाळी पिल्लू घेऊन उतरला होता त्यानंच, ते परत वर नेऊन ठेवलं.

सगळे लांब सरकून थांबले. लंगडी बराच वेळ बसेना. मग एकदम पंख मिटून घरट्याच्या काठावर उतरली. पिल्लानं चोच वर केली. कल्याणी म्हणाली, "घेतलं. स्वीकारलं तिनं."

निघताना रामदास टेम्पोच्या खिडकीशी आला. आवाज खाली करून म्हणाला, "आक्का, उडेस्तोवर. तोवर एक पान पाडत न्हाई. आता खालून आम्हाला काय कळणार कवा उडलं ते. तूच सांग. तू म्हणशील त्या दिवशी." आणि टेम्पोच्या पत्र्यावर त्यानं दोनदा थाप मारली, बैलाला मारतात तशी.

त्या दिवसापासून शालूचं सगळं उलटं झालं. आयुष्यभर तिनं एकाच गोष्टीची वाट बघितली होती, ती म्हणजे पंख भरण्याची. आता सकाळी पत्र्यावर चढली की ती आधी लंगडी एकटीच आलीय ना ते बघायची. लंगडी घास घेऊन डोंगराकडं निघाली की ती खाली बसायची, पाणी प्यायची. आजचा दिवस नांद्रूक उभं आहे. गच्चीवरची पिल्लंही मोठी होत होती. जाळीला पंख फडफडवून आपटायची, त्यांचा आवाज खाली दुकानात यायचा. त्यांना सोडायचं कुठं? शालूला ठाऊक असलेली एकच जागा होती, आणि तिथं बुंधे होते.

रामदास एकदाही आला नाही. खोकंही आलं नाही. पण बोळात ओल्या लाकडाचा वास आला की शालू मान वर करून बघायची. बहुतेक वेळा शेजारच्या सुताराकडं फळ्या आलेल्या असायच्या.

फाल्गुन सरत आला तेव्हा कल्याणी तपासणीला आली. दोघी जिन्यात बसल्या. शालू बोटानं पायरीवरची धूळ उकरत म्हणाली, "डॉक्टर, एका पंखाची चार लांब पिसं कातरली, तर पिल्लू कवर उडत न्हाई?"

"कुठलं पिल्लू?"

"सहज इचारते."

"पुढच्या वेळेला पिसं झडून नवी येईपर्यंत. वर्षभर, कदाचित जास्त." कल्याणीनं तिच्याकडं बघितलं. "का?"

"चढणारा गडी वळखीचा हाय. येकदा वर ग्येला की काम व्हतंय. झाड बी राहतंय."

 मग कल्याणी उठली, ओढणी झटकली आणि म्हणाली, "शालूताई, हे तुम्ही बोललाच नाहीत असं मी धरते."

"न्हाई बोलले," शालू म्हणाली. आणि त्यानंतर बोललीही नाही. पण त्या रात्री तिनं कात्री लपवून ठेवली. कुणापासून, हे जयसिंगला कळलं नाही. 

चैत्र लागला. ऊन असं तापलं की पत्र्यावर पाय ठरेना. शालूनं गोणपाट टाकलं, वर उभी राहिली आणि कोंबडीची मान वर उडवली. लंगडी आली. तुटक्या बोटाच्या पंजानं घास झेलला. आणि निघाली नाही.

तिच्या मागं आणखी एक घार होती. पाठीवर फिकट ठिपके, शेपटी अजून आखूड, वळण घेताना तोल जाणारी. सारखी किरकिरत होती. लंगडीनं घास मधल्यामधे सोडला. मागचीनं पंजे ताणले, पहिल्यांदा चुकली, खाली घसरली, पुन्हा उचलली गेली आणि पत्र्यापासून हातभर उंचीवर तिनं तो पकडला. शालूच्या तोंडावर वारं आलं.

अशी भरारी तिनं आजवर बघितली नव्हती. गच्चीवरून सोडलेलं पिल्लू असं आईमागं येत नाही. शालूचा हात आपोआप वर गेला, पकड म्हणावं तसा. मग तो तसाच अधांतरी राहिला.

खाली गिऱ्हाईक ताटकळलं होतं. "ओ मावशी, अर्धा किलो करायचाय."

"थांब की. कोंबडी पळून जात न्हाई."

गल्ल्याशेजारी ठेवलेला तिचा फोन वाजला. जयसिंगनं तो वर दिला. रामदास होता. त्याचा आवाज लोण्यासारखा.

"आक्का, हाईस ना बरी? लई दिस झालं. म्हणलं इचारावं. उडलं का गं आपलं पिल्लू?"

दुकानावर दोन घारी फिरत होत्या. लहानीनं उडता उडता पंजा चोचीला लावला. एक कातडीचा तुकडा पत्र्यावर टप्पकन पडला.

"न्हाई," शालू म्हणाली. "अजून न्हाई."

"बरं, बरं. घाई न्हाई आपल्याला," रामदास म्हणाला. "तुझ्या शब्दाबाहेर मी न्हाई."

पण त्यानं फोन ठेवला नाही, आणि शालूनंही नाही. त्याच्या श्वासामागं, लांबवर, करवतीचं यंत्र घरघरत होतं. सुरू झालेलं यंत्र लाकडात शिरलं की त्याचा आवाज बदलतो, जाड होतो. फोन कानाला तसाच धरून शालू वर बघत राहिली. आवाज जाड झाला.